भांडगाव ते केडगाव, व्हाया १९६४

हिंजवडी. शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. पुढे कंपनीची बस, मागे कंपनीची बस आणि मधे एसी लावून बसलेला मी. वीस मिनिटांत गाडी जेमतेम दोनशे मीटर सरकलेली. तेवढ्यात पप्पांचा फोन.

"रविवारी दुपारी भंगारवाला येतोय. जुनं घर उतरवायला काढलंय ना, पडवीतलं सगळं देऊन टाकतोय. आबांची सायकलपण. तुला काय बघायचं असेल तर बघून जा."

आबा म्हणजे माझे आजोबा. वय वर्षं ८६, मुक्काम भांडगाव, तालुका दौंड. आणि सायकल म्हणजे काळी, दांडीची, २८ इंची चाकांची अ‍ॅटलस. मे महिन्याच्या सुट्टीत हिच्याच दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मी सायकल शिकलो आणि हिच्याचवरून बाभळीच्या काट्यांतही पडलो.

खरं सांगू? फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, "वॉव, व्हिंटेज!" वाकडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वरची भिंत रिकामी आहे. मस्त मॅट ब्लॅक रंग मारायचा, हँडलला पिवळे दिवे गुंडाळायचे आणि द्यायची टांगून. कॅफेत नाही का असतात, तशी. एकदम हटके!

एरोइकाचा फंडा

व्हिंटेज हा शब्द डोक्यात यायला कारण होतं. आमच्या टीममधल्या एका सायकलवेड्याने आदल्याच आठवड्यात लंच टाइमला एक व्हिडिओ दाखवला होता. इटलीतल्या 'लेरोइका'चा. टस्कनी प्रांतात गायोले इन कियांती नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे १९९७ मध्ये ९२ जण जुन्या सायकली घेऊन जमले आणि मातीच्या रस्त्यांवरून भटकून आले. आज त्याच फेस्टिवलला जगभरातून हजारो लोक येतात. दर ऑक्टोबरमध्ये गावाची जत्रा होते.

नियम मात्र कडक. रेसची सायकल १९८७ च्या आधीची हवी. गिअरचा खटका हँडलवर चालत नाही, फ्रेमच्या खालच्या दांडीवर हवा. ब्रेकच्या वायरी हँडलवरून बाहेर लोंबताना दिसल्या पाहिजेत. पायडलला पट्टे हवेत. अंगात लोकरीची जर्सी. वाटेत एनर्जी जेल वगैरे लाड नाहीत. पाव, भाज्यांचं घट्ट सूप आणि तिथलीच वाइन. सगळ्यांत लांबचा रूट दोनशे किलोमीटरच्या वर.

पण मला भारी वाटली ती दुसरीच गोष्ट. हा सगळा खटाटोप फक्त सायकलींसाठी नव्हता. तिथले पांढऱ्या मातीचे जुने रस्ते एकेक करून डांबराखाली जात होते. ते वाचावेत म्हणून कुणाला तरी तिथे लोकांना आणावंसं वाटलं. गाडीवाल्याला कच्चा रस्ता म्हणजे त्रास. जुन्या सायकलवाल्याला मात्र तोच खरा रस्ता. लोक आले, रस्त्यांना किंमत आली आणि ते राहिले.

मी ठरवलं. भिंतीवर टांगायचीच आहे तर टांगण्याआधी एकदा चालवू. आबा याच सायकलवरून नोकरीला जायचे, भांडगाव ते केडगाव स्टेशन. दहाएक किलोमीटर. तिथून पॅसेंजरने हडपसर. एका कारखान्यात ते फिटर होते. १९६४ साली सायकल घेतली, तेव्हापासून रिटायर होईपर्यंत हाच दिनक्रम.

तर आमचा फेस्टिवल ठरला! सायकल एक, स्वार एक, स्पॉन्सर शून्य. तारीख रविवार. अट एकच, भंगारवाला यायच्या आत परत.

मिस्त्रींचं ऑपरेशन थिएटर

शनिवारी सकाळी भांडगावात पोचलो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की उरुळी कांचन, मग यवत आणि यवत संपलं की थोड्याच वेळात भांडगाव. एकूण पन्नासेक किलोमीटर. आपण गाणगापूरला, अक्कलकोटला जाताना खिडकीतून मागे टाकतो, तसलं गाव. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडला निघते ती इथूनच. एरवी थांबायला कुणाला वेळ नसतो.

सायकल पडवीत पोत्यांमागे होती. दोन्ही टायर चिरलेले, चेन गंजून एक काठी झालेली. हँडलखाली तारेने बांधलेला पितळी बिल्ला, त्यावरची अक्षरं पार झिजलेली. पूर्वी सायकलवर कर असायचा. तो भरला की असा बिल्ला मिळायचा आणि बिल्ला नसला की दंड. आज आपण फास्टॅगचं कौतुक करतो!

ढकलत ढकलत गावातल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. आता मुख्य धंदा मोटरसायकलच्या पंक्चरचा. सायकल बघून त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"आबांची ना?"

"हो. उद्या सकाळी केडगावला न्यायचीय. होईल का?"

"सायकलीला काय धाड भरलीय? न्हेणाऱ्याचं काय ते बघ."

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आमच्याकडे एखादी वस्तू बिघडली की आपण अ‍ॅपवर रिप्लेसमेंट टाकतो. इथे मिस्त्रींनी दोन्ही चाकं उतरवली, हब उघडले, परातीत छर्रे ओतले. काळे पडलेले बाजूला, चमकणारे बाजूला. ग्रीस भरलं. चेन डिझेलमध्ये बुडवून ठेवली. उजवं पायडल लपलपत होतं. तिथला कॉटर झिजला होता, तो हातोड्याने ठोकून नवा बसवला. चाक फिरवून, कानोसा घेत, एकेक तार पिळत आऊट काढला. सीटच्या कातड्याला खोबरेल तेल चोळलं. टायर मात्र नवे घ्यावे लागले. ते मिळतात बरं का! या मापाच्या सायकली अजून रस्त्यावर आहेत.

अ‍ॅटलसचा पत्ता मात्र बदललाय. १९५१ मध्ये हरियाणात सोनीपतला सुरू झालेली ही कंपनी. एका काळी घराघरांत तिचा खांद्यावर पृथ्वी पेललेला माणूस होता. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला. योगायोग बघा, ३ जून हा जागतिक सायकल दिन!

मी मिस्त्रींना विचारलं, "गंज काढून काळा मॅट रंग मारला तर कसं दिसेल?"

"रंग मारून चालणारेय का जोरात?" ते म्हणाले आणि पुढच्या ब्रेकचे रबर बदलायला लागले.

कॅरिअरवर त्यांचा हात थांबला. कॅरिअर विकतचं नव्हतं. आबांनी कारखान्यातल्या तुकड्यांतून स्वतः वेल्ड करून बनवलेलं. मागे डबा अडकवायला वळवलेला हूक. सहा दशकं झाली असतील, पण वेल्डिंग कुठे उकललेलं नाही. मिस्त्री नुसतं "हं" म्हणाले. एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती दाद होती, हे मला नंतर कळलं.

दांडीची सायकल, हायवेची कडा

रविवार. जानेवारीतली सकाळ. उसाच्या रानावर धुकं. आबा ओसरीवर शाल गुंडाळून बसलेले. त्यांनी एकच सूचना दिली, "उजेड पडू दे, मग हायवेला लाग."

गल्लीतून निघताना अजून झुंजूमुंजू होतं, म्हणून डायनॅमो चाकाला टेकवला. घर्रर्र आवाज आणि पुढे पिवळा उजेड. गंमत म्हणजे पायडल मारत राहिलं तरच दिवा. थांबलात की अंधार! आबा वर्षानुवर्षं पहाटे असे निघायचे. स्वतःच्या पायांनी पेटवलेल्या दिव्यात.

पहिले पाचशे मीटर आपण राजे. ताठ बसायचं, हँडल रुंद, सीटला स्प्रिंग, खालून चेनकव्हरचा खुळखुळ. आणि मग आला हायवे. आधीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५. सर्व्हिस रोड होता तिथे सर्व्हिस रोड, नव्हता तिथे डावीकडची पांढरी पट्टी धरून. उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, वरती स्पीकरवर गाणी फुल्ल. एसटी गेली की हवेचा धक्का असा यायचा की वीस किलोची सायकल आणि पंचाहत्तर किलोचा मी, दोघंही हलायचो.

एक लक्षात ठेवा. या सायकलला गिअर नाही. चढ आला की फक्त तुम्ही आणि चढ. आपण कारमधून जातो तेव्हा पुणे-सोलापूर रस्ता सपाट वाटतो ना? साफ खोटं आहे! भांडगाव ते चौफुला या पट्ट्यात किती बारीक बारीक चढ आहेत हे मला त्या दिवशी मांड्यांनी सांगितलं. आणि ब्रेक! वायर नाही, दांडे. मूठ दाबली की दांडा ओढला जातो आणि रबर रिमला आतून चिकटतं. म्हणजे तत्त्वतः चिकटतं. प्रत्यक्षात सायकल विचार करते, मग थांबते. त्यामुळे पुढे काय येणार हे आधीच बघायची सवय लागते. दहा मिनिटांत माझं लक्ष मोबाइलवरून उडालं ते परत आलंच नाही.

समोर सूर्य वर आला. उजव्या हाताला मागे भुलेश्वरची डोंगररांग निळी-जांभळी. मस्त वाटत होतं आणि बरोबर तेव्हाच चेन पडली.

चौफुला हाकेच्या अंतरावर होता. हो, तोच, लावणीच्या थिएटरांसाठी नाव असलेला. चहाच्या टपरीपर्यंत ढकलत गेलो आणि काडीने चेन बसवायच्या खटपटीला लागलो. हात काळे, शूज काळे. बाकावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा चहा पीत होते. ते उठून आले, पण माझ्याकडे नाही. कॅरिअरकडे. हुकावर बोट फिरवत म्हणाले, "भांडगावच्या फिटरची ना ही?"

मी नातू म्हटल्यावर त्यांनी चहा सांगितला. "याच्यावर बसून मी म्याट्रिकच्या पेपरला गेलोय. आठी दिवस. एसटी चुकली व्हती पहिल्या दिवशी. तुझा आबा म्हणला, बस मागं. मग म्हणला, उद्यापन हितंच थांब."

मी विचारलं, "पास झालात?"

"तर! झेडपीत मास्तर झालो की."

चेन त्यांनीच बसवून दिली. खालून दोन दात पकडून पायडल उलटं फिरवलं, की झालं. मी काडी टाकून दिली.

केडगाव स्टेशन

चौफुल्यावरून डावीकडे वळलं की हायवे सुटतो आणि श्वास मोकळा होतो. दोन्हीकडे ऊस, मधेच कांद्याची रोपं, लांबून गुऱ्हाळाचा धूर. केडगाव तसं इतिहासातलं गाव. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळात सापडलेल्या बायका-मुलींना आसरा दिला, ते मुक्ती मिशन इथलंच. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या त्याही इथेच.

स्टेशनवर पोचलो. घड्याळ बघितलं. चहाचा वेळ सोडून ५८ मिनिटं. दहा किलोमीटरला! बाहेर शंभरेक मोटरसायकली ओळीने लावलेल्या. त्यांत मी अ‍ॅटलस स्टँडवर लावली. पोरंसोरं वळून बघत होती. एकाने फोटोही काढला. मला जरा हिरो झाल्यासारखं वाटलं.

मग प्लॅटफॉर्मवर जाऊन बसलो. पुण्याकडे जाणारी गाडी आली, दुधाच्या किटल्या, डबे, बॅगा आणि माणसं चढली, गाडी गेली. माझा हिरोपणा तिथेच उतरला. कारण आबांचा प्रवास इथे संपायचा नाही, इथे सुरू व्हायचा. पुढे पॅसेंजर, मग आठ तास उभं राहून काम, मग परत पॅसेंजर आणि अंधारात, थकलेल्या पायांनी, पुन्हा दहा किलोमीटर. उन्हाळ्यात, पावसात, ताप असताना. मी आयुष्यात एकदा केलं त्याला फेस्टिवल म्हणत होतो. ते रोज करायचे आणि त्याला 'ड्युटी' म्हणायचे.

गुऱ्हाळ, आमचा फूड स्टॉल

येताना पाय बोलायला लागले म्हणून एका गुऱ्हाळावर थांबलो. दौंड तालुका गुळासाठी ओळखला जातो. हिवाळ्यात या भागात वास घेत घेत रस्ता सापडतो! चुलवाणात चिपाडं ढकलत होते. काहिलीत रस उकळत होता. भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. गुळव्या मात्र थर्मामीटर वगैरे बघत नव्हता. थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघत होता. जमली की सगळ्यांची एकच धावपळ आणि काहील वाफ्यात रिकामी! शंभर किलो उसाचा जेमतेम दहा-बारा किलो गूळ होतो, हेही तिथेच कळलं.

वाटीभर गरम काकवी पुढ्यात आली. टस्कनीतल्या त्या लोकांना सूप आणि वाइन लखलाभ!

सायकल काय बोकड आहे?

साडेअकराला घरी. आबा तिथेच, ओसरीवर. ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलेलं.

"किती वेळ लागला?"

"५८ मिनिटं."

"मला पस्तीस लागायची." मग जरा थांबून, "पॅसेंजर चुकली असती तुझी."

मी शेजारी बसलो. म्हटलं, "आबा, भारी सायकल आहे. तुमचा जीव असेल ना हिच्यावर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हिंजवडीहून नाही, चंद्रावरून आलोय. "जीव कसला? एसटीला पैसे पडायचे. वर्षभर पैसे साठवून घेतली. जायचं होतं म्हणून होती."

चौफुल्याच्या मास्तरांचं सांगितलं. आठवेना त्यांना. "असंल कुणीतरी. बरीच बसायची मागं." एवढंच.

तेवढ्यात टेम्पो वाजला. भंगारवाला. पत्र्याच्या पेट्या, मोडका पाळणा, पितळी बंब, जुना नांगर एकेक करून चढायला लागलं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे.

"मी नेतो पुण्याला," मी म्हटलं. "फ्लॅटमध्ये भिंतीवर लावतो. छान दिसेल."

"भिंतीवर?"

"म्हणजे, टांगून."

"सायकल काय बोकड आहे टांगायला?" आबा म्हणाले. पप्पा हसले, भंगारवालाही हसला. आबा नाही हसले. "चालवणार असशील तर ठेव. नाहीतर दे त्याला. त्याच्याकडं निदान वितळून कायतरी होईल."

मी सायकलकडे बघितलं. नवे टायर धुळीने माखलेले, चेनला ताजं ग्रीस, हुकाला गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची पिशवी लटकलेली. ती पिशवी इतकी बरोबर बसली होती, की जणू तो हूक तिच्यासाठीच केला असावा. वाकडच्या भिंतीवर या हुकाला काय अडकवणार होतो मी? पिवळे दिवे?

टेम्पो गेला. सायकल राहिली. पण पुण्याला आली नाही. ती भांडगावातच आहे, मिस्त्रींच्या टपरीत. ठरलंय असं, की आठवडाभर त्यांनी हवी तशी वापरायची आणि महिन्यातून एका रविवारी ती माझी. मागच्या खेपेला हब मी स्वतः उघडला. तीन छर्रे हरवले आणि शिव्या खाल्ल्या. पण चाक फिरतंय.

एरोइकावाल्यांचं मला आता नीट कळतंय. जुनी वस्तू जपायची तर तिला जायला रस्ता लागतो, ती उघडून परत जोडणारे हात लागतात आणि कुठेतरी पोचायचं कारण लागतं. कारण माझ्याकडे आहे. कालच्या रविवारी ४९ मिनिटं झाली.

आबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "अजून चुकतीय गाडी."

जायचंय?

कसं जाल : पुणे-सोलापूर महामार्गाने यवतच्या पुढे भांडगाव, साधारण ५० किलोमीटर. ट्रेनने जायचं तर पुणे-दौंड मार्गावर केडगावला उतरा.

केव्हा जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी, ऊस आणि गुऱ्हाळं, तिन्ही जोरात.

काय बघाल : यवतवरून डोंगरावरचं भुलेश्वर. यादवकालीन देऊळ, काळ्या दगडातलं अप्रतिम कोरीवकाम आणि स्त्रीरूपातला गणपती. सायकलने चढणार असाल तर गिअरवालीच न्या!

काय न्याल : हेल्मेट, पंप, पंक्चरचं सामान, चमकणारं जॅकेट. हायवेवर अंधारात सायकल घालू नका. आणि येताना काकवीसाठी एक रिकामी बाटली विसरू नका.